कवेलूंतले वटवाघूळ आणि रेबीज

दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या सुरुवातीला, एका रात्री साडेनऊच्या सुमारास मला एका शिक्षिकेचा फोन आला. गोंदिया जिल्ह्यातल्या एका लहान गावी त्या शिकवतात. पूर्वी एका विज्ञान शिबिरात आमची ओळख झाली होती. त्या दिवशी दुपारी शाळेच्या जुन्या खोलीत छताच्या कवेलूंमधून एक चिमुकले वटवाघूळ खाली पडले. मुलांनी गलका केला. सहावीतल्या एका मुलाने ते उचलले तर ते चिरकले आणि त्याच्या बोटाला चावले. रक्त असे आलेच नाही, सुईचे टोक लागल्यासारखी एक खूण तेवढी दिसत होती. कोणीतरी ते वटवाघूळ झाडूने मारून उकिरड्यावर टाकले, आणि शाळा पुन्हा सुरू झाली. संध्याकाळी बाईंच्या मनात शंका आली. मुलाला घेऊन त्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, "कुत्रा चावला असता तर लस लगेच दिली असती. वटवाघळासाठी आपल्याकडे लस सांगितलेली नाही." आता बाई मला विचारत होत्या, "सर, लस द्यायची की नाही?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नव्हते. डॉक्टर चुकीचे बोलत नव्हते आणि बाईंची शंकाही बरोबर होती. हे दोन्ही एकाच वेळी कसे खरे असू शकते, ते समजून घ्यायचे तर आधी रेबीजच्या विषाणूकडे आणि मग वटवाघळांकडे वळावे लागेल.

रेबीजचा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा असतो, एक टोक गोल आणि दुसरे सपाट. त्याची लांबी सुमारे 180 नॅनोमीटर, म्हणजे असे साडेपाच हजार विषाणू एकापुढे एक ठेवले तर एक मिलिमीटर भरेल. आत आर.एन.ए.चा एकच धागा, सुमारे बारा हजार अक्षरांचा, आणि त्यावर फक्त पाच जनुके. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर हा विषाणू कुत्रा, गाय, माणूस, कोल्हा अशा कोणत्याही सस्तन प्राण्याच्या मेंदूपर्यंत पोचतो. चावलेल्या जागी स्नायूत शिरल्यावर तो मज्जातंतूच्या टोकाला चिकटतो आणि तंतूच्या आतून मेंदूकडे सरकत जातो. रक्तातून तो जात नाही, म्हणून शरीराच्या संरक्षक यंत्रणेला बराच काळ त्याचा पत्ता लागत नाही. या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात, क्वचित वर्षाहूनही अधिक. लस उपयोगी पडते ती याच अवधीमुळे. चावल्यानंतर दिलेली लस रोग टाळू शकते, असे फार थोड्या रोगांत घडते. मात्र एकदा विषाणू मेंदूत पोचून लक्षणे दिसू लागली की उपचार जवळजवळ शून्य आहेत. मेंदूतून तो पुन्हा मज्जातंतूंवाटे बाहेर येतो, लाळग्रंथींत वाढतो आणि पुढच्या चाव्याची वाट पाहतो.

आपल्याकडे हा रोग फार जुना आहे. सुश्रुताने पिसाळलेल्या जनावराच्या दंशाचे आणि पाण्याच्या भीतीचे वर्णन केले आहे. आपल्या भाषेतही 'पिसाळणे' हे क्रियापद कुत्र्यालाच चिकटलेले आहे, आणि ते योग्यच आहे. भारतात माणसाला होणारा रेबीज जवळजवळ सगळा कुत्र्यांपासून होतो. जगात दरवर्षी सुमारे 59,000 माणसे रेबीजने मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतापुरता 2004 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्षाला सुमारे वीस हजार मृत्यूंचा अंदाज होता, तर 2025 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने तो सुमारे 5,700 वर आणला. या आकड्यांत वटवाघळांचा वाटा नाही. तेव्हा पुढचे सारे वाचताना वाचकांनी एक गोष्ट विसरू नये. गोंदियातल्या मुलाला धोका आहे तो गल्लीतल्या कुत्र्यापासून, आणि त्याहून जास्त कुत्रा चावल्यावर जखमेला तिखट किंवा चुना लावून घरी बसण्यापासून.

मग वटवाघळांचा संबंध आला कुठून? ही गोष्ट दक्षिण अमेरिकेत सुरू होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्राझीलच्या दक्षिण भागात गुरे लुळी पडून मरू लागली. 1911 साली कारिनी या संशोधकाने तो रेबीज असल्याचे दाखवले आणि संशय घेतला तो वटवाघळांवर, कारण गावकरी दिवसाढवळ्या गुरांना चावणारी वटवाघळे पाहत होते. युरोपातल्या विद्वानांना हे पटले नाही. पुढे 1925 पासून त्रिनिदाद बेटावर गुरे मरू लागली, 1929 पासून माणसेही पाय लुळे पडून दगावू लागली. हा पोलिओ असावा असा डॉक्टरांचा समज झाला. तिथल्या पवान नावाच्या जंतुशास्त्रज्ञाने 1931 साली वटवाघळांच्या मेंदूत 'नेग्री पिंड' दाखवले. नेग्री पिंड म्हणजे रेबीजने बाधित चेतापेशीत सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे गोल ठिपके, 1903 साली नेग्री याने शोधलेले. ही रक्त पिणारी वटवाघळे होती आणि ती फक्त अमेरिका खंडांत आढळतात. आपल्याकडे एकही जात रक्त पिणारी नाही. आपल्याकडच्या एका मोठ्या कानांच्या वटवाघळाला इंग्रजांनी 'खोटा रक्तपिपासू' असे नाव देऊन ठेवले, पण ते बिचारे बेडूक, उंदीर आणि मोठे किडे खाते.

अनेक वर्षे सर्वांची समजूत अशी होती की रेबीज रक्त पिणाऱ्या वटवाघळांपुरताच आहे. ती मोडली 1953 साली. अमेरिकेत फ्लोरिडातल्या टँपा शहराजवळ सात वर्षांच्या एका मुलाला दिवसा एक पिवळे वटवाघूळ चावले. हे वटवाघूळ किडे खाणारे होते. मुलाचे वडील जिथे काम करीत त्या गुरांच्या मळ्याच्या मालकाने मेक्सिकोतल्या गुरांच्या रेबीजविषयी वाचले होते, म्हणून त्याने वटवाघळाची तपासणी करण्याचा हट्ट धरला. तपासणीत रेबीज निघाला. मुलाला उपचार मिळाले आणि तो वाचला. वाचनाच्या सवयीने एक जीव वाचल्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. त्यानंतर शोध घेऊ लागताच अमेरिकेत जागोजागी किडे खाणाऱ्या वटवाघळांत रेबीज सापडत गेला. आज तिथे कुत्र्यांचा रेबीज संपलेला आहे, आणि रेबीजने जी मोजकी माणसे मरतात त्यांतली बहुतेक वटवाघळांमुळेच. 2021 साली पाच आठवड्यांत तिघे असे मेले. वटवाघळाचे दात इतके बारीक असतात की चावल्याची खूणही राहत नाही, आणि माणूस 'काही झाले नाही' म्हणून सोडून देतो.

इथे एक नाजूक भेद ध्यानात घेतला पाहिजे, कारण गोंधळ तिथेच होतो. कुत्र्यांत फिरणारा जो खास रेबीज विषाणू, तो वटवाघळांत फक्त अमेरिका खंडांत सापडतो. युरोप, आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियात वटवाघळांमध्ये त्याचे चुलत भाऊ आहेत. या साऱ्या कुळाला लिसाव्हायरस म्हणतात. ग्रीक पुराणकथांतली लिसा ही उन्मादाची देवता होती. कुळातल्या सतराहून अधिक जाती आता माहीत आहेत आणि त्यांतल्या बहुतेक वटवाघळांत आढळल्या आहेत. यावरून असा अंदाज करतात की कुळाचे मूळ घर वटवाघळेच असावीत, आणि कुत्र्यांत हा विषाणू नंतर आला. गंमत अशी की कुत्र्यांचा रेबीज जुन्या जगात हजारो वर्षांपासून आहे, पण त्याच विषाणूचा वटवाघळांतला वंश मात्र फक्त नव्या जगात. असे का, हे कोडे अजून सुटलेले नाही.

चुलत भाऊ असले तरी माणसाला होणारा रोग तोच, आणि तितकाच प्राणघातक. 1970 साली दक्षिण आफ्रिकेत वटवाघूळ चावलेला एक मनुष्य रेबीजसारख्या रोगाने मेला. त्याच्यापासून मिळालेल्या विषाणूला त्याचेच नाव मिळाले, ड्युव्हेनहाग. 1985 साली फिनलंडमध्ये वटवाघळांवर काम करणारा एक स्विस जीवशास्त्रज्ञ आणि 2002 साली स्कॉटलंडमध्ये वटवाघळांची देखभाल करणारा एक मनुष्य असेच गेले. ऑस्ट्रेलियात तर 1996 पर्यंत रेबीज नाहीच, असे मानत होते. त्या वर्षी एका उडत्या कोल्ह्यात, म्हणजे फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळात, नवा लिसाव्हायरस सापडला आणि त्याच वर्षी एका स्त्रीचा मृत्यू झाला. तिच्यातला विषाणू किडे खाणाऱ्या वटवाघळांत फिरणारा होता. 1998 साली दुसरी स्त्री मरण पावली. तिला वटवाघूळ चावले होते ते दोन वर्षांहून अधिक काळ आधी. 2013 साली आठ वर्षांचा मुलगा आणि 2025 साली चौथा रुग्ण. तीस वर्षांत चार, म्हणजे धोका फारच लहान, पण शून्य नाही.

आपल्या शेजारचे काय? किरगिझस्तान, ताजिकिस्तान आणि सैबेरियात किडे खाणाऱ्या लहान वटवाघळांत अरावान, खुजंद आणि इरकुट हे लिसाव्हायरस सापडले आहेत. इरकुट विषाणूने 2007 साली रशियाच्या पूर्व टोकाला एका स्त्रीचा बळी घेतला. तैवानमध्ये अलीकडे जपानी पिपिस्ट्रेल या चिमुकल्या वटवाघळात एक नवा लिसाव्हायरस आढळला. पिपिस्ट्रेलच्या जवळच्या जाती आपल्या घरांच्या फटींत राहतात. आणि सर्वांत जवळचा पुरावा श्रीलंकेचा. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, कँडीजवळच्या गन्नोरुवा या गावाचे नाव मिळालेला लिसाव्हायरस तिथल्या उडत्या कोल्ह्यांत सापडल्याचे दिसले. हीच जात आपल्याकडे वडा-पिंपळावर दिवसा उलटी लटकलेली दिसते. भारतात चंडीगढच्या एका उडत्या कोल्ह्यात रेबीज आढळल्याचा अहवाल 1980 साली प्रसिद्ध झाला होता. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या नागालँडमधल्या अभ्यासात काही थोड्या वटवाघळांच्या रक्तात रेबीज विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे मिळाली. मेंदूच्या तपासणीत मात्र विषाणू मिळाला नाही.

प्रतिपिंडे मिळाली याचा अर्थ काय? त्या प्राण्याची कधीतरी अशा विषाणूशी गाठ पडली होती आणि तो त्यातून वाचला. आता तो विषाणू पसरवतो आहे असे त्यावरून म्हणता येत नाही. घराच्या अंगणात वाघाचे पाऊल उमटलेले दिसले म्हणजे वाघ घरात आहे असे नव्हे, तसेच हे. पण वाघ या बाजूला फिरकतच नाही, असेही मग म्हणता येत नाही.

आता बाईंच्या डॉक्टरांकडे वळू. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते की भारतात वटवाघळांतला रेबीज निर्णायकपणे सिद्ध झालेला नाही, म्हणून वटवाघळाच्या संपर्कासाठी लस आवश्यक नाही. डॉक्टर तेच सांगत होते. जागतिक आरोग्य संघटनेचे धोरण मात्र वेगळे आहे. वटवाघळाचा थेट संपर्क ती सर्वांत गंभीर, म्हणजे तिसऱ्या वर्गात धरते. त्यात लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन देण्याचाही सल्ला असतो. दोन्ही धोरणांमागे तर्क आहे. जिथे कुत्रा चावलेल्या लाखो लोकांना लस पुरवायची आहे, तिथे सिद्ध न झालेल्या धोक्यासाठी ती राखून ठेवता येत नाही, हा पहिला तर्क. चूक झाली तर मृत्यू आणि लस मात्र सुरक्षित, म्हणून शंका आली की द्यावी, हा दुसरा.

मला पहिल्या तर्कातला एक शब्द खटकतो, तो म्हणजे 'सिद्ध झालेला नाही'. सापडले नाही आणि नाही, यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर मुलांना आकड्यांनी दाखवता येते. समजा एखाद्या गुहेतल्या शंभर वटवाघळांमागे एक बाधित आहे. आपण 50 वटवाघळे पकडून तपासली. त्यांतले एकही बाधित न मिळण्याची शक्यता किती? प्रत्येक वेळी निरोगी मिळण्याची शक्यता 0.99. हा आकडा पन्नास वेळा स्वतःशी गुणला की उत्तर येते सुमारे 0.60. म्हणजे रोग असूनही दहापैकी सहा वेळा आपण म्हणू, 'सारी निरोगी आहेत'. असे चुकण्याची शक्यता शंभरात पाचवर आणायची तर सुमारे 300 वटवाघळे तपासावी लागतील. वर्गात हे वाटाण्यांनी करून पाहा. एका पिशवीत 990 पांढरे वाटाणे आणि 10 हिरवे घाला, चांगले हलवा, प्रत्येक मुलाला न पाहता 50 काढायला सांगा, मोजून झाले की परत पिशवीत टाकायला सांगा. किती मुलांना एकही हिरवा मिळाला नाही, ते फळ्यावर लिहा. माझ्या अनुभवात मुलांना गणितापेक्षा हा फळाच अधिक पटतो.

याच्या उलट एक चूक अमेरिकेत होते. तिथल्या प्रयोगशाळांकडे तपासायला येणाऱ्या वटवाघळांपैकी शंभरात सुमारे सहा बाधित निघतात. हे वाचून लोक घाबरतात. पण प्रयोगशाळेत येतात ती कोणती? दिवसा जमिनीवर पडलेली, उडू न शकणारी, माणसाच्या हाती लागलेली. आजारी प्राण्यांतून निवडलेला तो नमुना आहे. रानातून सरसकट पकडलेल्या वटवाघळांत हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी असते. दोन्ही आकडे खरे आहेत, ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. बाईंच्या शाळेत पडलेले वटवाघूळ पहिल्या गटातले होते. ते बाधितच होते असे नाही. त्या दिवसांत उडायला न शिकलेली पिल्लेही खाली पडतात, उन्हाळ्याच्या कडाक्याने दमलेलीही पडतात. रेबीज झालेले वटवाघूळ कुत्र्यासारखे अंगावर धावून येते असे सहसा घडत नाही, ते लुळे पडते. म्हणजे पिल्लू आणि आजारी वटवाघूळ दिसायला सारखेच.

ते वटवाघूळ हाती असते तर निर्णय सोपा होता. मेंदूचा तुकडा काचेवर दाबायचा, विषाणूला चिकटणारी आणि चमकणारा रंग जोडलेली प्रतिपिंडे त्यावर घालायची, आणि खास सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे चमकणारे ठिपके दिसतात का ते पाहायचे. ही तपासणी काही तासांत होते. पण डोके ठेचलेले वटवाघूळ उकिरड्यावर, वर पाऊस. कुत्र्याच्या बाबतीत दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवतात, तो धडधाकट राहिला तर निश्चिंत होता येते. वटवाघळाला हा नियम लागू नाही, आणि ते उडून गेले तर नजर ठेवणार कोणावर?

मी बाईंना सांगितले की आताच, रात्रीच, बोट साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा, घड्याळ लावून. वरून पोव्हिडोन आयोडीन लावा. उद्या सकाळी मुलाला तालुक्याच्या रुग्णालयात न्या आणि तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा की वटवाघूळ चावले आहे, खूण दिसते आहे आणि प्राणी तपासायला उरलेला नाही. डॉक्टरांना हवे असेल तर मी फोनवर बोलेन. साबणाला हसू नये. विषाणूभोवती चरबीचे पातळ आवरण असते, साबण ते फोडतो. लसीचा शोध लागला नसता तरी एवढे तरी करता आले असते.

बाईंनी मग एक अचूक प्रश्न विचारला. लस तर कुत्र्यांच्या रेबीजवर बनवलेली, ती चुलत भावांवर चालेल का? चालते, पण सर्वांवर नाही. रेबीज विषाणूच्या जवळचे जे नातेवाईक आहेत, युरोपातले, ऑस्ट्रेलियातला, इरकुट आणि श्रीलंकेचा गन्नोरुवासुद्धा, त्यांच्यावर ती संरक्षण देते. आफ्रिकेतल्या लागोस आणि मोकोला यांसारख्या दूरच्या नातेवाईकांवर मात्र तिचा भरवसा नाही. आपल्या भागात सापडण्याची शक्यता जवळच्या नातेवाईकांचीच अधिक, म्हणून लस व्यर्थ जाणार नव्हती. मुलाच्या आजीला आणखी एक भीती होती. तिच्या काळी पोटात चौदा इंजेक्शने घेत. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती, 2005 पर्यंत ती देशात पूर्ण बंद झाली. आता दंडाच्या कातडीत किंवा स्नायूत चार-पाच वेळा टोचतात आणि मुले दुसऱ्या दिवशी शाळेत येतात.

मुलाला लस मिळाली. पण गावात दुसराच प्रश्न उभा राहिला. शाळेतली आणि देवळातली सारी चमगादडे (हिंदीच्या शेजारामुळे त्या बाजूला हा शब्दही चालतो) जाळून टाकायची भाषा सुरू झाली. कोणीतरी सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहेचेही नाव काढले. माघ पौर्णिमेला तिथे गोंडी समाजाची मोठी यात्रा भरते, मग यात्रेकरूंना धोका नाही का? पुस्तकांत एक जुना किस्साही आहे. अमेरिकेत टेक्सासमधल्या फ्रिओ गुहेत जाऊन आलेली दोन माणसे 1950 च्या दशकात रेबीजने मेली. नंतर तिथे जाळीच्या पिंजऱ्यांत कोल्हे ठेवले. वटवाघळे त्यांना चावू शकत नव्हती, तरी काही कोल्ह्यांना रेबीज झाला. म्हणजे त्या गुहेच्या हवेतूनच विषाणू गेला. पण ती गुहा म्हणजे लाखो-कोटी वटवाघळांची दाट वस्ती, बंदिस्त, गरम आणि अमोनियाने भरलेली. पुढे त्या दोन माणसांच्या बाबतीतही नजरेतून सुटलेल्या चाव्याची शंका घेतली गेली. एखाद्या गुहेत जाऊन आल्याने रेबीज होतो, असे त्यावरून म्हणता येणार नाही. कवेलूंखाली झोपल्यानेही होत नाही. वटवाघूळ डोक्यावरून उडाले, त्याची विष्ठा अंगणात पडली, यांसाठी लस लागत नाही. अंगाला अंग लागले, चावले, ओरखडले किंवा त्याची लाळ डोळ्यात-तोंडात गेली, तरच प्रश्न येतो.

जाळण्याच्या भाषेला मी बाईंमार्फत धानाचे उत्तर पाठवले. गोंदिया हा धानाचा जिल्हा आहे. खोडकिड्याचे पतंग, तुडतुडे, गादमाशी रात्री उडतात, आणि रात्री उडणारे किडे खाणारा पक्षी फारसा नाही. ते काम वटवाघळे करतात. थायलंडमध्ये एका जातीच्या वटवाघळांनी खाल्लेल्या तुडतुड्यांचा हिशेब केला, तेव्हा त्या देशात वर्षाला जवळजवळ 2,900 टन भात वाचतो, असा अंदाज निघाला. शिवाय जाळायला किंवा धूर करायला गेले म्हणजे होते काय? अर्धी मेलेली, भाजलेली वटवाघळे अंगणभर पडतात आणि ती उचलायला पहिली येतात मुले. जो धोका शंभरात एकाहून कमी होता, तो आपणच हाताने उचलून घरात आणतो.

शेवटी गावकऱ्यांनी खोलीच्या भिंती आणि कवेलूंमधल्या फटी बुजवायचे ठरवले, आणि पिल्ले उडून गेल्यावर, म्हणजे पावसाळा सरल्यावर, संध्याकाळी वटवाघळे बाहेर पडली असताना. बाईंनी वर्गाच्या दारामागे एक पत्र्याचा डबा, जाड कापड आणि एक पुठ्ठा ठेवला आहे. वटवाघूळ पडले तर मुलांनी बाजूला व्हायचे, मोठ्या माणसाने डबा त्यावर उपडा ठेवायचा आणि खालून पुठ्ठा सरकवायचा. कोणाला चावले नसेल तर संध्याकाळी डबा झाडाच्या खोडाशी आडवा ठेवायचा. चावले असेल तर मात्र ते सोडायचे नाही आणि डोके ठेचायचे नाही, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवायचे.

तो मुलगा आता आठवीत आहे आणि ठणठणीत आहे. यावरून ते वटवाघूळ बाधित होते की नव्हते, हे काही कळत नाही. मागच्या महिन्यात बाईंनी कळवले की त्याच मुलाच्या धाकट्या बहिणीला कुत्रा चावला, आणि घरातल्यांच्या आधी तोच तिला नळाखाली घेऊन बसला होता, घड्याळ लावून.